आठव्या दिवसापासून पुढं कोण?

रस्त्यावरच्या अपघातांचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आता कसली काळजी? दीड लाखापर्यंतचा खर्च सरकार करतं.’ बोलणारा पेपर वाचणारा असतो, योजनांची नावं त्याला पाठ असतात. केंद्राची कॅशलेस योजना आहे, राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, १०८ ची गाडी आहे, वाहनाला सक्तीचा विमा आहे आणि भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. एवढं सगळं असूनही एखादं घर अपघातानंतर कर्जात गेलंच, तर दोष त्या घराचा. हेल्मेट घातलं नव्हतं, मेडिक्लेम काढला नव्हता, कागद सांभाळले नव्हते, कुठं जायचं ते माहीत नव्हतं.

हा युक्तिवाद चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतो आणि चर्चासत्रातही. त्यातली एकेक बाब खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. योजनाच नाहीत, अशी तक्रार आज कोणी करत नाही. तक्रार अशी आहे की या साऱ्या व्यवस्थांचं वेळापत्रक जखमेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. पहिली मदत सात दिवसांत संपते, शेवटची मदत काही वर्षांनी येते आणि माणूस खाटेवर पडून असतो तो या दोहोंच्या मधल्या काळात. घर बुडतं ते तिथं.

आधी श्रेय द्यायचं तिथं देऊ. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की जखमी माणूस दारात आला की आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. त्या खटल्यामागं एका स्कूटरस्वाराची कहाणी होती. मोटारीनं उडवल्यावर त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथं पोलीस केस घेत नाहीत म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखवली आणि तिथं पोचण्याआधीच तो गेला. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ मध्ये अपघातग्रस्तांवर कॅशलेस उपचारांची योजना करण्याची जबाबदारी केंद्रावर आली. योजना मात्र आली नाही. शेवटी २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं १४ मार्चची मुदत घातली, तीही उलटली, सरकारची कानउघाडणी झाली आणि ५ मे २०२५ रोजी अधिसूचना निघाली. म्हणजे ज्या योजनेकडे बोट दाखवून आपल्याला गप्प केलं जातं, ती सरकारच्या हातून न्यायालयाला काढून घ्यावी लागली आहे. असो. योजना आली हे चांगलंच झालं. पहिल्या काही तासांत डिपॉझिटअभावी जीव जाऊ नये, यासाठी ती हवीच होती.

आता तिच्या अटी पाहू. एका जखमीला एका अपघातासाठी जास्तीत जास्त दीड लाख रुपये, तेही अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस. रुग्णालय योजनेत नेमलेलं नसेल तर तिथं फक्त प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार. आणि ही अपघाताचीच केस आहे, यावर पोलिसांची मोहोर हवी.

सात दिवस हा आकडा हाडांना विचारून ठरवलेला नाही. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं असेल तर पहिल्या दिवशी जखम धुऊन पायाला बाहेरून सळ्यांचा सांगाडा बसवतात. मग मांडीची कातडी काढून उघड्या जखमेवर लावतात. जंतुसंसर्ग आटोक्यात आला की आत रॉड जातो. हाड सांधायला पुढं कित्येक महिने लागतात आणि मधेच पू झाला तर पुन्हा ऑपरेशन टेबल. डोक्याला मार लागलेल्याचं वेगळंच. व्हेंटिलेटर, मग गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी, नाकातून पातळ अन्न आणि ‘शुद्धीवर कधी येतील?’ या प्रश्नावर डॉक्टरांचीही शांतता. कण्याला मार लागला असेल तर लघवीची नळी आणि पाठीवरच्या बेडसोरशी झगडा जन्मभराचा. सात दिवसांत टळतो तो फक्त मृत्यू. उपचार त्यानंतर सुरू होतात.

ही चूक एकट्या केंद्राची नाही. तमिळनाडूनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेली योजना पहिल्या ४८ तासांची. महाराष्ट्रानं २०२० मध्ये मंजूर केलेली बाळासाहेब ठाकरे अपघात विमा योजना पहिल्या ७२ तासांची आणि ३० हजार रुपयांची. पुढं ती रक्कम एक लाख झाली. सगळ्यांचा समज एकच दिसतो: अपघात ही काही दिवसांत आटोपणारी घटना आहे. सरकारी आकडेवारीही हेच शिकवते. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं मेली, ही बातमी पहिल्या पानावर येते. त्याच वर्षी ४ लाख ६२ हजारांहून अधिक जखमी नोंदले गेले. त्यांचं पुढं काय झालं, किती जण कामावर परतले, किती जणांचा पाय आखूड राहिला, हे सरकारी अहवालाच्या रकान्यांत बसत नाही. मेलेल्याची नोंद पूर्ण होते, जखमीची नोंद रुग्णालयाच्या दाराशी थांबते.

यावर तत्पर उत्तर येतं: आठव्या दिवसापासून फुले योजना आहे की! १ जुलै २०२४ पासून ती पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच देते. कागदावर बिनतोड उत्तर आहे. पण अपघात झाला की माणूस योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात जात नाही, जवळच्या रुग्णालयात जातो. रात्री अकरा वाजता हायवेवरून ज्या टेम्पोवाल्यानं उचललं, त्याला ठाऊक असलेल्या दवाखान्यात जातो. ते रुग्णालय योजनेत नसेल तर डिपॉझिट भरलं जातं आणि ऑपरेशन होतं. फुले योजना कॅशलेस आहे. खिशातून आधी गेलेले पैसे ती परत देत नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शहाणा नातेवाईक येऊन योजनेचं नाव काढतो, तेव्हा रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. ‘हलवायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर, इथं सही करा’, असं ऐकल्यावर कुठली आई सही करील? माहितीचा अभाव म्हणून ज्याची हेटाळणी होते ते हेच. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला निवड करायला वेळही नसतो आणि वावही नसतो.

‘मग सरकारी रुग्णालयात का नाही गेले?’ हा पुढचा प्रश्न. मुंबईत सायन आणि केईएम आहे, पुण्यात ससून आहे, तिथं अपघाताचे रुग्ण वर्षानुवर्षं जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या हातून वाचले आहेत. पण मेंदूची शस्त्रक्रिया ग्रामीण रुग्णालयात होत नाही आणि अपघात काही फक्त मुंबई-पुण्यात होत नाहीत. सिंधुदुर्गातल्या माणसाला डोक्याला मार लागला की गाडी वळते ती गोव्याकडे, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजकडे. २०१८ च्या जानेवारीत गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांना तिथं शुल्क लावलं, तेव्हा सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या माणसांची झोप उडाली ती उगाच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या जखमींचा जीव शेजारच्या राज्याच्या धोरणावर टांगलेला असावा, याची लाज महाराष्ट्राला वाटायला हवी होती. सरकारी रुग्णालय आहे, पण शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे. तिथं खाट फुकट मिळाली तरी सोबतच्या माणसाचं जेवणखाण, येणंजाणं आणि बुडालेली मजुरी फुकट नसते.

अशा एका घराची फाइल मी पानन्‌पान चाळली आहे. पोरगा गवंडीकाम करणारा, मित्राच्या दुचाकीवर मागं बसलेला. वळणावरच्या खडीवरून गाडी घसरली, मांडीचं हाड तुटलं. फाइल म्हणजे एका पतसंस्थेची जाहिरात छापलेली कापडी पिशवी. तिच्यात गुंडाळलेले एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रबर लावून ठेवलेल्या मेडिकलच्या चिठ्ठ्या आणि बायकोचं गंठण गहाण टाकल्याची पावती. सगळ्यांत खाली शाळेच्या वहीचं फाडलेलं पान. त्यावर बहिणीनं पेन्सिलीनं लिहिलेलं: रिक्षा, दूध, अंडी, डायपर, डबा, रिचार्ज, वॉर्डबॉय. वॉर्डबॉयपुढं तीनदा रक्कम आहे, कशाबद्दल ते लिहिलेलं नाही. रुग्णालयाच्या छापील बिलात हातमोज्यांपासून डॉक्टरांच्या फेरीपर्यंत सगळ्याचा हिशेब आहे. वहीच्या पानावरचा खर्च मात्र कुठल्याच योजनेत नाही. रुग्णालयाला एकदा बिल भरलं की ते संपतं. हे पान घरी आल्यावरही वाढत राहतं.

‘ठीक आहे, पण विमा कशासाठी असतो?’ असं आता विचारलं जाईल. तर याच पोराचं उदाहरण घेऊ. दुचाकीचा थर्ड पार्टी विमा चालू होता, पावतीसह. पण निव्वळ कायद्यापुरती काढलेली पॉलिसी दुचाकीवर मागं फुकट बसलेल्याला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तिलक सिंग खटल्यात ठरवलेलं आहे. मित्र स्वतःच चालवत होता. थर्ड पार्टी विमा नावाप्रमाणे तिसऱ्यासाठी असतो, चालवणाऱ्या मालकाच्या मोडलेल्या हाडासाठी नसतो. मालक-चालकाला १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कवच असतं खरं, पण ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी. खांद्याचं हाड मोडून महिनाभर झोळीत हात अडकवून बसलेल्याला त्यातून छदामही मिळत नाही. समोर दुसरं वाहनच नसल्यानं दावा करायचा तो कोणावर? आणि घसरून पडल्यावर पोलिसांत कोण जातं? ‘आपले आपण पडलो, कशाला ते लचांड’, म्हणून घरचे गप्प बसतात आणि पोलिसांच्या मोहोरेवर चालणाऱ्या कॅशलेस योजनेचं दारही आपोआप बंद होतं.

आता दुसऱ्याच्या चुकीनं झालेला अपघात घेऊ, म्हणजे विम्याची बाजू मांडणाऱ्यांना सर्वांत सोयीचा. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नाही, ही गोष्ट संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीसमोर आलेली आहे. ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर जखमीला मिळतात ५० हजार. एप्रिल २०२२ पूर्वी हीच रक्कम साडेबारा हजार होती, म्हणून ही सुधारणा समजायची. समजा, वाहन सापडलं, विमाही निघाला. मग दावा दाखल करा. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत घातली. ज्याला सहा महिने कुशीवर वळता येत नाही, त्यानं सहा महिन्यांत वकील गाठायचा. देशभरातून या मुदतीला आव्हान मिळालं आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतरिम आदेश देऊन सांगावं लागलं की केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका.

‘पण कायद्यात तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देण्याची सोय आहे’, असं जाणकार सांगतील. आहे, कलम १४९ मध्ये. मृत्यूच्या दाव्यात ती उपयोगी पडू शकते. जखमीच्या बाबतीत पेच निराळा आहे. भरपाई ठरते ती अपंगत्वाच्या टक्क्यांवर आणि त्या अपंगत्वामुळं त्याची कमाई किती घटली यावर. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०११ च्या निकालानं हा फरक नीट समजावून सांगितला: हाताचं अपंगत्व कारकुनाला जितकं भोवतं त्याहून कितीतरी अधिक ते ड्रायव्हरला भोवतं. निकाल अगदी न्याय्य आहे. पण टक्का ठरतो उपचार संपल्यावर. तिसाव्या दिवशी पायाला सळ्यांचा सांगाडा असलेल्या माणसाचं अपंगत्व कोणता बोर्ड लिहून देईल? म्हणजे जखम जितकी मोठी, उपचार जितके लांब, तितकी भरपाई उशिरा. ज्याला सर्वांत जास्त गरज, तो रांगेत सर्वांत शेवटी. आणि त्या रांगेत उभं राहायचं तर पावत्या लागतात. त्याच निकालानं प्रवासखर्च आणि पौष्टिक आहार हेही भरपाईचे भाग मानले आहेत. पण दूधवाला, अंडीवाला, वडापवाला आणि रात्रीचा रिक्षावाला पावती देत नाही, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे.

मेडिक्लेम काढणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार असेल आणि मिळालेली खोली सहा हजारांची असेल, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा आकार, यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. अपघाताच्या रात्री ‘जनरल वॉर्डात जागा नाही, सेमी-प्रायव्हेट आहे’ असं सांगितल्यावर पॉलिसीचं पान काढून वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आता त्या लाडक्या मुद्द्याकडे येऊ: ‘चूक त्यांचीच.’ हेल्मेट न घालणं मूर्खपणाच आहे, दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हाच आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण २०२३ मध्ये रस्त्यावर मेलेल्या दर पाच माणसांत एक पायी चालणारा होता. त्यानं कुठलं हेल्मेट घालायला हवं होतं? हेल्मेटनं डोकं वाचतं. मांडी, नडगी आणि कमरेचं हाड वाचत नाही. खड्ड्याबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट हुकूम दिला की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या. चुकीचा हिशेब काढायचाच असेल तर तो रस्त्याच्या ठेकेदारापासून सुरू व्हायला हवा. आणि शेवटी, चूक असली तरी शिक्षा ठरवायची कोणी? बेफाम गाडी चालवल्याबद्दल कायद्यात दंड आहे, कैद आहे. आपल्या बायकोचं गंठण जाईल आणि मुलीचं कॉलेज सुटेल, अशी शिक्षा कुठल्याही कलमात लिहिलेली नाही. ती आपण न लिहिता देतो आहोत. ‘सगळं फुकट केलं तर लोक बेफिकीर होतील’, हा युक्तिवाद करणाऱ्यांना इतकंच विचारतो, की सरकारी खर्चानं रॉड बसवून मिळतो म्हणून मांडी मोडून घेणारा एक माणूस दाखवा.

खासगी रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. ट्रॉमाचा रुग्ण घ्यायचा तर चोवीस तास भूलतज्ज्ञ, सर्जन, रक्तपेढी, सीटी स्कॅन तयार ठेवावं लागतं. सरकारी पॅकेजचे दर त्यात भागत नाहीत, बिलं महिनोन्‌महिने थकतात, बिल न भरता निघून जाणारेही असतात. हे सगळं मान्य. पण खर्च जास्त आहे, यावरून खर्च कोणालाच न दाखवण्याची मुभा मिळत नाही. २०२१ मध्ये राज्यानं शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. तुमच्या तालुक्यातल्या किती रुग्णालयांत ते आयसीयूच्या दाराशी लावलेलं दिसतं, ते स्वतः जाऊन पाहा. धर्मादाय रुग्णालयांचं तर आणखी स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्या निधीत टाकायची आहे आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही. करसवलत आणि जमीन घेताना ही अट त्यांना माहीत होती.

दर ठरवता येत नाहीत, असंही सांगितलं जातं. २०२० च्या मे महिन्यात कोविडच्या वेळी याच महाराष्ट्र सरकारनं खासगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डाला दिवसाला ४ हजार, आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार. त्यावर वाद झाले, पळवाटा निघाल्या, काही जणांनी जादा पैसे उकळलेही. पण लोकांच्या हातात भांडायला एक आकडा होता. २०१७ मध्ये केंद्रानं हृदयाचे स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या कमाल किमती बांधल्या, तेव्हाही आभाळ कोसळलं नाही. अपघातात रोज लागणाऱ्या रॉड, प्लेट आणि स्क्रूला तो न्याय लावायला काय हरकत आहे?

बिलाच्या पलीकडचा तोटा याहून मोठा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. जागतिक बँक आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी २०२१ मध्ये चार राज्यांतल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्रही होता. अपघातानंतर ७५ टक्क्यांहून अधिक गरीब घरांचं उत्पन्न घटलं होतं. गरीब घराचं नुकसान सात महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त, तर श्रीमंत घराचं एका महिन्याच्या कमाईहूनही कमी. अपघात तोच, रस्ता तोच. दंड मात्र गरिबाला कमाईच्या मानानं सातपटीहून जास्त. सुमारे ४० टक्के बायकांना अपघातानंतर आपल्या कामाची घडी बदलावी लागली. यात आश्चर्य काही नाही. मृतांमध्ये दोन-तृतीयांश माणसं १८ ते ४५ वयाची असतात, जखमीही त्याच वयाचे. कमावता पुरुष खाटेवर पडला की बाई शेतमजुरी सोडून त्याच्या उशाशी बसते, नाहीतर उशाशी बसायला सासूला ठेवून दुप्पट काम करते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळी साफ करायची, जखम बघायची. रुग्णालयात ज्या कामासाठी पगारी नर्स होती ते काम डिस्चार्जच्या दिवशी तिच्या गळ्यात पडतं, बिनपगारी. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एका जबर जखमी मुलीची सेवा करणाऱ्या माणसांचा खर्च आयुष्यभराचा धरून भरपाई दिली. म्हणजे सेवेला किंमत असते, हे कायद्याला मान्य आहे. योजनांना अजून मान्य नाही.

आजारपणात मजुरी बुडते, हेही सरकारला नवीन नाही. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कारखान्यातल्या नोंदलेल्या कामगाराचं घर तीन महिने चालावं, एवढी समज आपल्याला कित्येक दशकांपूर्वी आलेली आहे. गवंडी, रिक्षाचालक, ऊसतोड मजूर, डिलिव्हरी करणारी पोरं यांच्या घरात मात्र जखमेबरोबर चूलही विझते आणि त्याला आपण नशीब म्हणतो.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. कॅशलेस योजनेतली सात दिवसांची मुदत काढून टाका आणि त्या अपघातामुळं ज्या जखमा झाल्या त्यांचे उपचार संपेपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेसह आणि फिजिओथेरपीसह, खर्च योजनेच्या निधीतून द्या. पोलिसांच्या नोंदीची जबाबदारी रुग्णालय आणि पोलीस ठाण्याची ठेवा, नातेवाइकांना हेलपाटे मारायला लावू नका. अपघातानंतर पहिल्या काही दिवसांत खासगी रुग्णालयात भरलेले पैसे फुले योजनेतून परत मिळण्याची सोय करा. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जखमीच्या घराला दरमहा ठरावीक रक्कम द्या. यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. दावेदारांना अंतरिम मदत देण्याची योजना आखण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४अ नं केंद्राला दिलेलाच आहे. ती रक्कम पुढं वाहनमालकाकडून वसूल करण्याची तरतूदही त्यातच आहे. दुचाकीवर मागं बसलेल्या माणसाला सक्तीच्या विम्यात आणा. आणि ट्रॉमाच्या मूलभूत उपचारांचे दर राज्यानं जाहीर करावेत, जसे २०२० मध्ये केले होते.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न विचारला जाईल. पैसे आजही खर्च होतातच. फक्त ते निधीतून न जाता गंठणातून, म्हशीतून, पतसंस्थेच्या कर्जातून आणि सावकाराच्या टक्क्यातून जातात. खर्च समाजानं वाटून घ्यायचा की ज्याच्या अंगावर ट्रक आला त्यानं एकट्यानं उचलायचा, एवढंच ठरवायचं आहे. विम्याचा उगमच मुळी पहिल्या उत्तरात आहे.

शिस्तीचे धडे आम्ही ऐकू, हेल्मेटही घालू. पण जखमी माणूस आणि त्याचं घर यांच्यावर उपकाराची भाषा आता बंद करा. उपचार संपेपर्यंत खर्च द्या, कामावर परतेपर्यंत घर चालेल एवढं द्या आणि मग माणसांनी निष्काळजीपणा करू नये, हे खुशाल सांगा.